बदली

कागदगिरणीच्याच इमारतीत आता माझी रात्रपाळी.
छतावरचे क्रेनचे रूळ कुणी काढले नाहीत.
खाली कपाटंच कपाटं, काळी,
आणि पंख्यांची अशी घरघर
की घरी गेल्यावर शांतता कानाला टोचते.

लोक म्हणतात, क्लाउड.
हा ढग कोस्किलाहतीत आहे, जुन्या लाकूडगोदीवर,
त्याला दर मंगळवारी मागच्या फाटकातून
डिझेलचा टँकर लागतो.

आत हजारो सर्व्हिसेस, चिमुकल्या.
एक फक्त पावती करते. एक फक्त पत्ता तपासते.
एक क्रोना घेते, युरो देते, बाकी तिला विचारू नका.
कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही.
दर दहा सेकंदांनी हजेरी:
आहेस का? आहे.
आहेस का? आहे.
आहेस का?
तीनदा उत्तर नाही आलं की नाव तेच, उभी दुसरी.
आधीचीचं तिला काही आठवत नाही.
आठवू नये अशीच बांधणी.
यादीत तीन लिहिल्यात ना, मग तीन.

सहाला सुटते. बर्फ तुडवत वडिलांकडे जाते.
ते डाव्या हाताने कॉफी ओततात आणि विचारतात,
मासे किती लागले विचारावं तसं,
"काल किती मेल्या?"
"दोनशे चौदा."
"आणि गाव उठलं नाही?"
"हेलसिंकीत कुणा बाईची पावती
चार सेकंद उशिरा गेली. बस."

पूर्वी पाच नंबरचं मशीन थांबलं
की आवाज थांबल्यानेच गाव जागं व्हायचं.
आई खिडकीत उभी राहायची, दिवा न लावता.
मी हे सगळ्यांना सांगत आले,
तेव्हा असं होतं, आता बघा, म्हणून.

आज त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला.
दोन बोटं नाहीत. चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी.
इथवरची गोष्ट मला पाठ आहे.
"ओउती, मशीन किती वेळ थांबलं होतं, सांग."
मला माहीत नव्हतं.
"अकरा मिनिटं.
माझी गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत
रोल फिरायला लागला होता.
माझ्या जागी पेन्त्ती. माझ्याच मगातून
कॉफी पीत होता म्हणे. गरम होती अजून."

"कामाला चांगला होता?"
"बदली होता.
यादीत एक माणूस कमी होता, तो भरला."
आणि साखर ढवळत बसले,
साखर कधीच विरघळली होती तरी.

त्यांचा रेडिएटर आमच्याच यंत्रांच्या उष्णतेवर चालतो,
नळ गावाखालून येतात.
तो हात ते त्यावर टेकवतात, थंडी आधी तिथेच लागते.
कुठल्या कपाटाची ही ऊब, मलाही सांगता येणार नाही.

रात्री, कुणी सांगितलं नसताना,
त्या दोनशे चौदांपैकी एकीची नोंद उघडली.
सात दिवसांनी पुसली जाते, मग काहीच नसतं.
शेवटची ओळ होती:
*पत्ता तपासत आहे. जिना ब, तिसरा मजला, दार*
आणि पुढे कोरं.

उद्या आकडा सांगणार नाही त्यांना.
एवढं वाचून दाखवीन.