सातावरची आडवी रेघ

खेळ सोपा आहे.
कोणीतरी डबा लपवतं, आकडे देतं,
मग वीस हजार किलोमीटरवरून
चार-पाच उपग्रह एकमतानं सांगतात: इथे.
'इथे' म्हणजे चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे.
त्या चार पावलांत आमचे रविवार जातात.

सारेमा बेटावर, कच्च्या रस्त्याच्या कडेला
दुधाचे कॅन ठेवायचा एक लाकडी ओटा आहे.
गाई गेल्या, डेअरीचा ट्रक यायचा थांबला,
ओटा राहिला.
आकडे आम्हाला तिथेच आणून सोडायचे.

सहा वर्षं आम्ही तो ओटा चाचपला.
खिळे मोजले: एक्केचाळीस. एकही पोकळ नाही.
फळ्यांखाली आरसा सरकवला.
सुतारपक्ष्याच्या ढोलीत उर्मसनं हात घातला
आणि गांधीलमाश्यांनी त्याची नोंद घेतली.
माइमूनं ज्युनिपरची झुडपं इतकी विंचरली
की घरी मांजर तिच्या बाह्या हुंगत बसायचं.
लाटव्हियाहून एक जोडपं आलं, कपाळाला दिवे बांधून;
रात्री दोन वाजता कडाकडा भांडलं,
पहाटे आमच्या थर्मासमधली कॉफी पिऊन
समेट करून गेलं.
गावाला वळसा घालून झाला,
काखेतही काही नव्हतं.

तरी जात राहिलो. खरं सांगायचं तर
डब्यासाठी कमी,
उर्मसच्या बायकोच्या शहाजिरं घातलेल्या काळ्या पावासाठी जास्त.
मी शाळेची बस चालवते;
आठवडाभर माझ्याशी संवाद म्हणजे
मागच्या सीटवरून भिरकावलेलं खोडरबर.
इथे निदान मोठी माणसं होती,
गुडघ्यांवर रांगणारी का असेनात.

सप्टेंबरात एक म्हातारी सायकलवरून उतरली.
हँडलला बादली, बादलीत अळंबी.
"काही हरवलंय का?"
"हरवलं नाही," उर्मस म्हणाला, "सापडत नाहीये."
हा फरक तिला कळला असावा,
कारण ती म्हणाली, आकडे वाचा.
मी वाचले.
पुन्हा, ती म्हणाली.
पुन्हा वाचले.

मग हेल्वेनं,
चौतीस वर्षं बेटाची जमीन मोजलेल्या हेल्वेनं,
जिनं रोवलेल्या खुंट्यांवरून आजही दोन शेजारी भांडत नाहीत,
हवेत बोटानं एक 'एक' काढला
आणि त्याच्या पोटावर आडवी रेघ मारली.
सात.
भाच्यानं तिच्या कागदावरून उतरवून घेतलं होतं.
रेघ द्यायची तिचीच राहिली होती.

एक किलोमीटर आणि वर थोडं.
ती सायकल हातात धरून पुढे,
आम्ही सहलीतल्या पोरांसारखे मागे.
कोणी हसलं नाही.
समुद्राजवळ एक धोंडा, हिमयुगानं वाहून आणलेला
आणि कंटाळून तिथेच टाकलेला.
त्याच्या बगलेत डबा. डब्यात वही.
वहीत सहा वसंत, सगळे एकाच अक्षरात:
कोणी नाही. पेन्सिलीला टोक केलं.
कोणी नाही. पाणी शिरलं होतं, पानं वाळवली.
कोणी नाही.
कोणी नाही. झाकणाचं रबर बदललं.
कोणी नाही. फार अवघड जागी ठेवला का?
सहावी ओळ खोडलेली होती.

एरवी पहिलं नाव कोणाचं
यावरून आमच्यात मैत्र्या तुटल्या आहेत.
त्या दिवशी पेन्सिल हातोहात फिरली,
कोणी लिहीना.
माइमू उगाच बादलीतली अळंबी निवडत बसली.
शेवटी हेल्वेनंच पेन्सिल घेतली,
चश्मा कपाळावर सारून तारीख घातली:
आज पाच जण. चालत आले.
थांबून तिनं उर्मसला विचारलं, किती माश्या होत्या?
अकरा, तो म्हणाला.
तिनं अकरा लिहिलं,
दोन्ही एक अगदी सरळ, शेंडी न काढता.

आकडा दुरुस्त करायला ती त्याच संध्याकाळी तयार होती.
आम्हीच म्हणालो, वसंतापर्यंत राहू दे.
ते लाटव्हियाचं जोडपं
पुन्हा यायचं म्हणत होतं.