झिरो

मंठा चौफुलीला माझी व्हॅन उभी असते,
दोन्ही अंगाला पीयूसी लिहिलेलं.
मधल्या अक्षराचा रंग उडालाय,
तरी लोक बरोबर वाचतात.

नळी सायलेन्सरात सारायची,
"रेस कर" म्हणायचं.
आकडे जरा नाचतात, मग थांबतात.
गाडीवाला आकड्याकडं बघत नाही,
माझ्या तोंडाकडं बघतो,
डॉक्टरकडं बघावं तसा.

माझी उत्पला शुक्राची पीयूसी करते.
असं मीच सांगतो गिऱ्हाइकांना.
ती चिडते.
पण तिच्या मामीला तिनंही शेवटी हेच सांगितलं.

"तिथवर नळी पुरती का?"
पंक्चरवाला हारूण विचारतो.
नळी नाही बाबा, उजेड.
ऊन शुक्राच्या ढगाला लागून माघारी फिरतं,
येताना काही रंग तिथंच ठेवून येतं.
जो वायू असेल तो आपापला रंग खातो.
उत्पला काय आलं ते मोजत नाही,
काय आलं नाही ते मोजते.
रंगांच्या पट्ट्यावर केसाएवढ्या काळ्या रेघा.
"म्हणजे हजेरीपट," हारूण म्हणाला,
"गैरहजर कोण, त्याच्यावरून गाव ओळखायचं."

शंभरात शहाण्णव कार्बन डायऑक्साइड.
वर गंधकाच्या आम्लाचे ढग.
"फेल. स्क्रॅपला काढा,"
टायरात हवा भरता भरता तो म्हणाला.
आणि स्क्रॅपचं जालन्याच्या माणसाला
कुणी शिकवू नये.

फेब्रुवारीत रात्री साडेअकराला फोन आला.
"पप्पा, पाणी सापडलं."
वाफ. दहा लाखांत साठ भाग,
सगळे म्हणतात त्याच्या दुप्पट.
मी अंथरुणात उठून बसलो.
नळाला तो अकरावा दिवस होता.
बायको अंधारातून म्हणाली,
"कोणत्या गल्लीत?"

मे महिन्यात पोरगी घरी आली
आणि दोन दिवस बोललीच नाही.
तिसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये येऊन बसली.
"शुक्र आपल्याकडं येत असतो ना, पप्पा,
तेव्हा त्याची रेघ जरा जागा सोडते,
निळ्या अंगाला सरकते.
माझी जाड झालेली रेघ सरकलीच नव्हती."
मग कुणाची ती?
तिनं हात फिरवला,
स्टिअरिंगवरून, माझ्या टोपीभोवती,
काचेबाहेर खडीच्या ट्रकापर्यंत.
"ही. आपलीच हवा.
दुर्बिणीच्या डोक्यावरची आपलीच वाफ
मी त्याच्या नावावर लिहिली."

मला समजूत घालता येत नाही.
मी तिला पेशकार सरांची गोष्ट सांगितली.
नवीकोरी स्कूटर, शोरूमचं प्लास्टिकही काढलेलं नाही,
आणि मी तिला फेल केली.
सर तासाभरानं परत आले, चौकात भांडले.
बरोबर होते ते.
आधीच्या टेम्पोचा धूर माझ्या नळीत बसला होता.

"मग काय केलंत?"
माफी मागितली. पैसे परत दिले.
आणि तेव्हापासून पहाटे घाणेवाडीच्या तळ्यावर जातो.
मशीन आधी झिरो करावं लागतं,
चांगल्या हवेत करा असं पुस्तकात लिहिलंय.
चौफुलीला चांगली हवा आणू कुठून?

दुसऱ्या दिवशी ती बरोबर आली.
तळं तळाशी गेलेलं, भेगांत बगळे.
पूर्वेला शुक्र एवढा ठळक
की मलाच ओशाळल्यासारखं झालं.
मशीन गुरगुरलं, शून्यावर आलं.
ती बराच वेळ त्या शून्याकडं बघत बसली.
"आपली वाफ वजा केली तर तीस उरते," म्हणाली,
"बाकीच्यांना सापडते तेवढीच."
मग आहे ना तीस.
"आहे," म्हणाली. "पण ती माझी नाही."
त्याच्यावर मला काही सुचलं नाही.

तेवढ्यात दुधाचे कॅन लटकवून
एक जण मोटारसायकलवर आला,
"चालू आहे का हो? पुढं आरटीओ उभा आहे."
मी नळी उचलली.
"थांबा," उत्पला म्हणाली,
"आधी ती फुंकून घ्या."