मोजे

उतेनात मे महिना. हंगाम संपला.
बिअरच्या दुकानात पैजा लागल्यात:
पुढच्या वर्षी कोण तळपणार?
रिमगौदास वही उघडतो,
मिनिटं, गुण, हुकलेले फेक,
आणि बोट ठेवतो वैदोतासवर.
सगळे माना डोलावतात.

मला कोणी विचारत नाही.
एकोणीस वर्षं मी संघाचे कपडे धुते.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
पाळण्याचं मला ठाऊक नाही,
मला ते मोज्यांत दिसतात.

स्कीर्मांतास. सतरा नंबर. बाकावरचा पोरगा.
अख्ख्या हंगामात चार मिनिटं खेळला,
तीही हरून झालेल्या सामन्यात.
ऑक्टोबरात त्याचा डावाच मोजा झिजायचा,
अंगठ्याखाली बटणाएवढं भोक,
उजवा मात्र दुकानातून आत्ता आणल्यासारखा.
फेब्रुवारीत, बाहेर घोटाभर बर्फ असताना,
सोमवारच्या गठ्ठ्यात
उजव्यालाही भोक दिसलं.
आधी मोहरीएवढं.
मग हळूहळू डाव्याच्या बरोबरीचं.
रात्री रखवालदार दिवे घालवायला यायचा
तेव्हा आत एक चेंडू वाजत असायचा, म्हणे.
पोरगं दुसऱ्या पायावर उडायला शिकत होतं.

मागल्या वर्षी मी द्रुंगिलासचं नाव धरलं होतं, मनातल्या मनात.
त्याचा गुडघा गेला.
आता क्लायपेदात लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवतो,
नाताळला कार्ड पाठवतो.
तेव्हापासून मी तोंड उघडत नाही.

फक्त सतरा नंबरचे मोजे रफू करताना
यंदा दोरा दुहेरी घेतला.
वैदोतासला एकेरी पुरेल.