जर्मन मास्तर

आमच्या गल्लीत जर्मन म्हणजे पातेलं.
हलकं, पोचे पडलेलं, राखेनं घासलं की चकचकणारं.
त्यामुळं साखर पेठेत नवं कुणी आलं
आणि 'जर्मन मास्तर' हे नाव ऐकलं,
की फुटकी कढई घेऊन दारात हजर.
इरय्या गड्डम उंबऱ्यावरून म्हणायचे,
'डाग देतो बे. पण कढईला नाही,
नगराध्यक्षाच्या कोटाला.'

जर्मन होते ते पेटीतले सूर.
पितळी जिभल्या, पाठीवर कुठल्याशा कारखान्याचं नाव;
ते आम्हा कुणाला वाचता येत नव्हतं,
मास्तरांना तर मुळीच नाही.
'फुप्फुस परदेशी, तोंड सोलापूरचं,' ते सांगायचे.
'वारा तिकडचा. शिवी इथं विणली जाते.'

दिवसा मिलमध्ये माग. पाळी सुटली की छापखाना.
'तिरका धोटा', आठवड्याला एक रकाना,
मानधन दोन चहा, त्यातला एक माझा.
मी चौदा वर्षांचा, खिळे जुळवायचो.
त्यांचं अक्षर म्हणजे तुटलेला ताणा,
डोक्यात तेलुगू, बोलण्यात कानडी हेल, कागदावर मराठी.
इथं स्वल्पविराम देऊ का, विचारलं की म्हणायचे,
'तुला हसू कुठं फुटलं? तिथं दे.'

खरा संपादक घरी होता.
बालमणीअक्का मांडीवर सूप घेऊन बसायच्या,
रोजच्या हजार विड्या.
मास्तर ओळ वाचायचे.
अक्कांचा हात थांबला, ओळ राहिली.
हात चालूच राहिला, तर गुपचूप खोडायची.
अशा किती ओळी गेल्या, कुणी मोजलं नाही.
विड्या मात्र कारखान्यानं मोजून घेतल्या,
वर छाट काढली.

कोरड्या नळाचं उद्घाटन झालं त्या रात्री
मास्तरांनी नळाचा पाळणा रचला.
बाराव्या दिवशी नाव ठेवलं : आशाबाई.
महिनाभरात तो नगराध्यक्षांच्याच घरी
नातवाच्या बारशाला गायला गेला;
बायकांना वाटलं, जुना असेल.

मग पंचाहत्तर साल.
आधी दाखवा, मग छापा, असा कागद आला.
रकाना दोनदा पांढरा गेला,
तिसऱ्यांदा मालकानं तिथं शेंगाचटणीची जाहिरात घातली.
मास्तर काही बोलले नाहीत.
संक्रांतीला गड्ड्यावर, पाळण्यांच्या कर्कश आवाजात,
पेटी मांडली आणि नुसती चाल वाजवली.
ओठ मिटलेले.
जिथं 'आशाबाई' यायचं, तिथं भाता थांबवायचे,
आणि त्या रिकाम्या जागेत
माणसं हसायची, पोट धरून,
कडेवरची पोरंसुद्धा, आई हसते म्हणून.
शेजारी उभा हवालदार वहीत लिहीत होता.

काय लिहिलं, ते त्यानं फार वर्षांनी सांगितलं,
मुलीच्या लग्नात, पंगतीत वाकून :
'गाण्यात शब्द आढळले नाहीत. लोक हसले.
कारण समजून आले नाही.'
मी म्हटलं, समजलं होतं की तुम्हाला.
'म्हणून तर असं लिहिलं,' तो म्हणाला,
आणि पानात आणखी बुंदी वाढली.

मिल बंद पडली तेव्हा मास्तरांच्या छातीत
तीस वर्षांचा कापूस साठलेला.
सिव्हिलच्या खाटेवर खोकता खोकता म्हणाले,
'आता फुप्फुसही सोलापूरचं झालं.'
मी हसलो. डॉक्टर रागावले.
शेवटचा रकाना छापायचा राहिला,
माझ्याकडून कागद पावसात भिजला, खोटं कशाला बोलू.

पेटी अक्कांकडे आहे.
आत तेंदूची पानं ठेवतात,
ओलसर राहतात म्हणे.
पानं काढताना कधी कोपर पट्टीला लागतं,
भात्यात उरलेला थोडा वारा निघतो,
काळी चार बोलते, जरा बेसूर.
अक्कांचा हात थांबतो.
मग त्या पुटपुटतात, आज छाट जास्त निघणार,
आणि पुन्हा मोजायला लागतात, पहिल्यापासून.