चार तिसऱ्या

आज दहा आणि दोन दिवस झाले.
(बारावा म्हणायला जीभ कचरते.)
अंगावर तांब्याच्या पट्ट्या, चिमट्यासारखं तोंड,
आणि शेपटीकडे एक खोटा डोळा,
काळा, गोल, कधीच न मिटणारा.
शत्रूला फसवायला असतो म्हणे.
मी समोर बसलो की मला तोच दिसतो,
म्हणजे त्याची पाठ दिसते.

नेरूळच्या लॅबमध्ये दिवसभर
मी माणसांच्या रक्तातलं मीठ मोजतो.
एकशे चाळीस आलं की सही करतो.
घरी येऊन बूटही न काढता
टाकीतलं मीठ मोजतो.
थेंब काचेवर, डोळा नळीला:
एक पूर्णांक शून्य पंचवीस.
पाणी बरोबर, ऊब बरोबर, अमोनिया शून्य.
सगळे रिपोर्ट नॉर्मल
आणि पेशंट जेवत नाही.

फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली
गोठवलेल्या बारीक कोळंबीच्या वड्या.
एकदा लसणाचा रस चोळून दिल्या.
"फोडणी पण घाल," मंजिरी म्हणाली.
क्लाऊनफिशची जोडी वखवखून सगळं संपवते.
तो लांब तोंडानं वास घेतो
आणि नको म्हणतो.
कसं म्हणतो ते मला पाठ झालंय:
एक पाऊल मागे,
पाऊल नसताना.

"ही जात हट्टीच. जिवंत शिंपला उघडून द्या,"
कोपरखैरण्याचा दुकानदार फोनवर म्हणाला,
"विकताना सांगितलं होतं मी."
सांगितलं नव्हतं.

म्हणून दिवाळे गावच्या बाजारात
धाकलीबायच्या टोपलीसमोर उकिडवा बसलो.
"चार द्या."
"चार वाटं?"
"चार तिसऱ्या."
तिनं हातातलं पातं खाली ठेवलं.
"चार तिसऱ्यांचा काय कालवन होनार, दादा?"
सांगितलं. माशासाठी. घरातल्या.
तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पलीकडे,
ओळीच्या टोकापर्यंत हसू पोचलं
आणि परत येता येता थोडं मऊ झालं.
"दर्याचाच हाय ना त्यो," धाकलीबाय म्हणाली,
"मंग त्याला चव ठावं असंल."
पैसे घेतले नाहीत.

रात्री सुरीनं एक उघडली.
बोटालाही लागलं थोडं.
अर्धा शिंपला वाळूत रोवला, खुर्ची ओढली, बसलो.
नऊ. साडेनऊ.
खोटा डोळा.

मंजिरी चष्मा पुसत आली.
"मला टायफॉइड झाला तेव्हा पेज आणून दिलीस
आणि अशीच खुर्ची ओढून बसलास.
खा, खा, अजून दोन चमचे.
घशाखाली कसं उतरेल रे
कुणी मोजत असताना?"

अकरा वर्षं झाली त्याला.
मला वाटत होतं, ती आठवण
माझ्या बाजूची आहे.

तिनं दिवा घालवला.
स्वयंपाकघरात आम्ही कालची मुगाची उसळ खाल्ली,
टीव्हीशिवाय.
पंपाची घरघर भिंतीतून येत होती.
मी तिच्या ताटाकडे पाहिलं नाही,
आणि तिनं आपणहून पुन्हा भात घेतला,
की नेहमीच घेते,
कुणास ठाऊक.

सकाळी शिंपला रिकामा, धुतलेल्या वाटीसारखा.
यानं काही सिद्ध होत नाही.
क्लाऊनफिशनं खाल्लं असेल.
तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून पाहिलं:
ते लांब तोंड शिंपल्यात शिरलं,
एक लचका ओढला, थांबलं,
पुन्हा शिरलं.
मी श्वास रोखून, एका पायावर,
हातात टूथब्रश.

आता शनिवारी धाकलीबाय लांबूनच ओरडते,
"जेवला का त्यो?"
आख्खी ओळ माझ्याकडे बघते.
"दोन खाल्ल्या," मी म्हणतो, "एक अर्धी टाकली.
पोट अजून खपाटीला आहे, सांगता येत नाही."
ती मान हलवते, चार बाजूला काढते,
मग ओंजळभर वाटा वर्तमानपत्रात बांधते.
"ह्यो घरात कालवनाला. बायकोला दे.
याचं मातर पैसं घेनार."