विनातिकीट

बावीस वर्षं निपाणी–बेळगाव.
तवंदी, कणगला, संकेश्वर, हत्तरगी,
यमकनमर्डी, काकती –
प्रत्येक गाव आधी माझ्या तोंडातून जायचं,
मग बस.
'पुढं सरका', 'मुंद होग्री', एका श्वासात.
कुठलं मराठी, कुठलं कानडी,
मी कधी मोजलो नाही. चिल्लर मोजायचो.

आता वरचे-खालचे दात तारेनं बांधलेत.
सहा आठवडे.
तिकिटाचं मशीन असायचं त्या जागी
दवाखान्यानं छोटी पक्कड दिलीय:
उलटी आली तर तारा कापा, घाबरू नका.

डेपोच्या फॉर्मवर: अचानक ब्रेक, दांड्याला हनुवटी.
मालूला सांगितलो: रस्त्यात म्हैस.
खरं म्हणजे सात रुपये.
एका पोराच्या तिकिटामागं लिहून दिलो होतो,
संकेश्वरला तो उतरताना विसरलो,
की विसरल्यागत केलो,
हे अजून ठरवता येईना.
त्यानं एकच दिला. डाव्या गालावर.

डॉक्टर हिरेमठ फोटो उजेडाला धरतात,
'इल्ली नोड्री, मुतगेकर.'
ठोसा पडला गालावर
आणि हाड मोडलं मागं, कानाखालच्या कोपऱ्यात,
जिथं अक्कलदाढ आडवी निजलेली.
तिनं जागा अडवून धरलेली;
खाली हाड उरलेलं पापडाएवढं.
तीन वर्षांमागं म्हणाले होते, काढून टाकू.
मी म्हटलो, दुखत नाही तर कशाला?

दुखत नव्हती, हे खरं.
मागच्या लांब सीटवर पाय पसरून झोपलेला माणूस
तिकीट विचारलं की कूस बदलतो,
तसली.
एवढ्या वर्षांत मी तिथवर गेलोच नाही.

कानडीत पण ती बुद्धीचीच.
दोन्ही भाषांनी शहाणपण
सगळ्यात शेवटी बसवलं,
अन् बसायला जागा ठेवली नाही.

काढलेली दाढ बशीत बघितलो.
पिवळट, मुळं वाकडी, किडीचं नाव नाही.
नर्स न्यायला लागली तेव्हा
उगाच हात पुढं केलो.

संध्याकाळी मालू नळीतून आंबील देते.
मी पोराच्या जुन्या पाटीवर लिहितो:
सात रुपये द्यायचेत एकाला. संकेश्वर.
ती वाचते. पदरानं माझी हनुवटी पुसते.
'कुणाला?'

तारेमागं जीभ हलते,
काकती, यमकनमर्डी, हत्तरगी,
आणि तिथंच थांबते.
पाटीवर जागा आहे अजून.
खडू माझ्याच हातात.