आरसा सरकव

शहापुरात, नव्या स्लॅबखाली,
टाळी वाजवली की खोली
पत्र्याच्या डब्यागत झणझणायची.
खाली ग्रॅनाइट, चारी बाजूंना कोरा गिलावा.
स्पीकर पुण्याहून आणलेले, अँप हप्त्यावर,
आणि तानपुरा कसा,
तर विहिरीत पडलेल्या कळशीसारखा.

कोपऱ्यात खर्ज साचायचा, लोटून ठेवलेल्या केरासारखा.
डावा स्पीकर वीतभर पुढं ओढला
तेव्हा कुठं खालच्या बसव्वाचा खराटा
छताला लागायचा थांबला.

मग वृंदा आरसा घेऊन
भिंतीला खेटून उभी राहिली.
मी खुर्चीत, मान ताठ.
"सरकव. अजून. मागं नव्हं, पुढं."
आरशात खिडकी आली, कॅलेंडर आलं,
तिचा सुई टोचलेला अंगठा आला,
मग स्पीकरचा काळा शंकू.
तिथंच खडूनं फुली मारली.

फोमचा भाव ऐकून गप्प बसलो होतो.
बसव्वानं जिना चढून कौदी आणली:
इरकल, धोतर, शाळेचा निळा शर्ट,
माग बंद पडला त्या वर्षीचं अर्धं लुगडं.
"साका?"
"पुरे," म्हटलं, "रग्गड झालं."

भिंतीला कान असतात म्हणे.
आमच्या भिंतीला नुसतं तोंड होतं आजवर.
आता टाळी वाजते, आणि वाजून जाते.
दोन सुरांमधला
बाईंचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

बसव्वा गाणं ऐकत नव्हती.
निळ्या तुकड्यावर तळवा ठेवून
बराच वेळ उभी राहिली,
मग म्हणाली,
इथं हलतंय काहीतरी.